बारक्याच्या पेशी

बारक्याच्या हातून पहिलं रक्त निघालं ते एका निवृत्त हेडमास्तरांच्या कानामागून. नखाएवढं खरचटलं होतं. तुरटी फिरवली, थांबलं. हेडमास्तर भले गृहस्थ, म्हणाले, "अरे, चालायचंच." ते गेल्यावर बारक्याने वस्तरा पुसून मिटला, खणात टाकला, भर दुपारी सलूनचं शटर खाली ओढलं आणि बहिणीला फोन लावला.

"ताई, आला गं पाहुणा."

कुठला पाहुणा हे ताईला विचारावं लागलं नाही. आजोबांकडे आला होता, वडिलांकडे आला होता, आणि आता धाकट्या भावाकडे. ती प्रयोगशाळेत हातमोजे घालून उभी होती, फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला.

"हात थरथरतो की नेम चुकतो?" तिने विचारलं.

"नेम चुकतो. हात अगदी स्थिर आहे. फक्त जातो भलतीकडे."

"बरं. संध्याकाळी येते."

फोन ठेवून ती सामानाच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि एका रिकाम्या खोक्याला सणसणीत लाथ घातली. रडायचं तिला फारसं जमत नसे.

बारक्या हे नाव आईने ठेवलेलं, जन्माला आला तेव्हा अगदीच किरकोळ होता म्हणून. पुढे गडी दारात मावेनासा झाला, पण नाव काही वाढलं नाही. त्याच्या सलूनमध्ये लोक केस कापायला कमी आणि त्याची बडबड ऐकायला जास्त यायचे. ताई त्याच्या अगदी उलट. ती पेशींवर संशोधन करायची आणि माणसांशी जेवढ्यास तेवढं बोलायची. प्रयोगशाळेत तोंडावर तिला मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की खडूस. तिला दोन्ही माहीत होतं आणि दुसरं नाव जास्त आवडायचं.

हा आजार तोलाचा. लहान मेंदूत काही पेशी असतात, त्या आपल्याला सरळ चालायला, घास नेमका तोंडात घालायला, शब्द नीट उच्चारायला मदत करतात. या घराण्यात त्याच पेशी हळूहळू मरत. वडील एका गोदामात वजनकाट्यावर होते. आयुष्यात दारूला शिवले नाहीत, पण चालताना भिंतीचा आधार घ्यायचे आणि जीभ जड यायची. लोकांनी काढायचा तो अर्थ काढला. पोरं मागून झोकांड्या खात चालायची आणि खिदळायची. एकदा ताई त्यांचा डबा घेऊन गोदामात गेली तर मॅनेजर दोन माणसांना त्यांच्या तोंडाचा वास घ्यायला लावत होता. दोघांनी वास घेतला, दोघे म्हणाले, "साहेब, वास नाही." आणि तरी दुसऱ्या दिवसापासून वडिलांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. ताई तेव्हा शाळेत होती. डबा हातात तसाच. समोर धडधडीत दिसत असलेली गोष्ट न मानणाऱ्या माणसांचा तिला जो राग आला तो पुढे कधी गेला नाही. उलट तिने त्यावर शिक्षण घेतलं.

बारक्याचा वस्तरा चुकायच्या बऱ्याच आधी, आजाराला कारण असलेला जनुक सापडला तेव्हा दोघा भावंडांनी एकाच दिवशी रक्त दिलं. तिचा अहवाल स्वच्छ आला. त्याचा नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ती दगड होऊन बसली, तर बारक्याच तिची समजूत घालू लागला. "एक तरी सुटली ना! दोघं अडकलो असतो तर भांडायला कोण उरलं असतं?" मग त्याने बाही वर केली आणि म्हणाला, "तुम्हाला कातडी लागते ना त्या प्रयोगांना? घे. माझ्याकडे भरपूर आहे."

त्या कातडीच्या तुकड्यातून ताईने पेशी वाढवल्या आणि औषधं वापरून त्यांना मेंदूच्या पेशींचं रूप दिलं. हे आता बऱ्याच ठिकाणी करतात; किचकट असतं, पण जमतं. गुलाबी पोषक द्रवाने भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेट, त्यात तळाशी चिकटून बसलेल्या, एकमेकींकडे बारीक धागे टाकणाऱ्या बारक्याच्या पेशी. त्यांच्या आत एक प्रोटीन बिघडलेलं. त्याची शेपटी हवी त्यापेक्षा लांब, त्यामुळे ते नीट घडी होऊन बसत नाही, एकमेकांत गुंतत जातं आणि गुठळ्या होतात. मेलेल्या रुग्णांच्या मेंदूतही त्याच गुठळ्या दिसायच्या. तेव्हा गुठळ्या हेच आजाराचं मूळ, त्या विरघळवल्या की पेशी वाचेल, असं सगळे धरून चालले होते.

सगळ्यांत पुढे होते मोठे सर. प्रयोगशाळेचे प्रमुख, ताईचे गुरू. गुठळ्या फोडणारं औषध ही त्यांची हयातभराची कमाई. माणूस नेक, पोटात एक ओठांत एक असला प्रकार नाही. ताईला त्यांनी हाताला धरून शिकवलं होतं. औषध दिल्यावर प्लेटमधल्या गुठळ्या खरोखरच विरघळत. पंधरा दिवसांनी पेशी बघायच्या, फोटो काढायचे, मोजणी करायची, मग प्लेटमध्ये ब्लीच ओतून त्या टाकून द्यायच्या, अशी तिथली रीत होती. फोटो सुंदर येत. उंदरांमध्येही गुठळ्या गेल्या. औषध माणसांवर वापरून बघायची परवानगी आली, आजारी माणसांच्या पहिल्या तुकडीला ते सुरूही झालं, आणि दुसऱ्या तुकडीत बारक्याची निवड झाली.

त्या दिवशी बारक्याने अख्ख्या गल्लीची दाढी फुकट केली असती, पण वस्तरा त्याने केव्हाच ठेवून दिला होता. कामाला एक कारागीर ठेवला होता आणि स्वतः खुर्चीत बसून गप्पांचं खातं सांभाळत होता. "अजून थोडं थांबा," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "पुन्हा माझ्याच हातची दाढी करणार तुम्ही!"

घोडं अडलं ते इथे. नेहमीचे पंधरा दिवस झाले तेव्हा ताईने बारक्याच्या पेशींच्या प्लेट उचलल्या, ब्लीचची बाटली हातात घेतली, आणि तिचा हात काही पुढे जाईना. इतक्या छान दिसत होत्या त्या. गुठळ्या गेलेल्या, धागे पसरलेले. भावाच्या पेशी पहिल्यांदाच बऱ्या झालेल्या दिसत होत्या आणि त्यांच्यावर ब्लीच ओतायचं? तिला टाकवेना. आपल्याला हे शोभत नाही असं स्वतःलाच दटावत तिने प्लेट इनक्युबेटरच्या खालच्या कप्प्यात परत ठेवल्या. शेजारी औषध न दिलेल्या ठेवल्या. येता-जाता ती दोन्हींचा द्रव बदलायची आणि भावाला भेटून आल्यासारखं तिला वाटायचं.

काही आठवड्यांनी औषध दिलेल्या प्लेटमध्ये धागे तुटायला लागले.

आधी तिला वाटलं द्रव खराब झाला असेल. नवा बनवला. मग वाटलं जंतू शिरले असतील. जंतू नव्हते. औषध न दिलेल्या पेशी, त्या गुठळ्यांसकट, शेजारीच टिकून होत्या. थकलेल्या, पण जिवंत. आणि बऱ्या झालेल्या पेशी पटापट मरत होत्या. ताईने त्यांना रंग देऊन आत पाहिलं. गुठळ्या गेल्या होत्या, पण प्रोटीन कुठेच गेलं नव्हतं. त्याचे बारीक तुकडे पेशीभर पसरले होते, केंद्रापर्यंत. गुठळी म्हणजे पेशीने स्वतःच एका कोपऱ्यात बांधून ठेवलेलं विष होतं, आणि औषधाने ती गाठ सोडून दिली होती.

तिने दुसऱ्या दोन रुग्णांच्या पेशी घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. तेच झालं. मग ती मोठ्या सरांच्या खोलीत गेली आणि फोटो टेबलावर पसरले.

सरांनी चष्मा काढून ते बराच वेळ बघितले. "या प्लेट इतके दिवस ठेवल्याच कशासाठी?"

"टाकवल्या नाहीत, सर."

"म्हणजे?"

"भावाच्या पेशी आहेत. टाकवल्या नाहीत."

सर खुर्चीत मागे रेलले. "हे बघ, म्हाताऱ्या झालेल्या पेशी मरतातच. आणि प्लेटमधल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे मीच शिकवलंय तुला. उंदीर ठणठणीत होते."

"उंदीर आपण गुठळ्या गेल्या त्या दिवशी कापले, सर. पुढे काय झालं असतं ते कुणी थांबून बघितलंच नाही. आणि औषध न दिलेल्या पेशी तितक्याच म्हाताऱ्या आहेत. त्या नाही मेल्या."

"पुन्हा कर."

"तीनदा केलंय."

"मग चौथ्यांदा कर. वर्षभर घे हवं तर. पण आत्ता हे कुणाला दाखवत सुटू नकोस. ट्रायल थांबली तर पुन्हा उभी राहणार नाही. माझ्या हयातीत तर नाहीच." त्यांनी फोटो गोळा केले, कडा जुळवल्या आणि तिच्याकडे सरकवले. "आणि एक विचारतो, राग मानू नकोस. तू हे संशोधक म्हणून बोलतेस की बहीण म्हणून?"

"बहीण म्हणून बोलायचं असतं तर मी गप्प बसले असते," ताई म्हणाली. "बहिणीला तर हे औषध हवंय. तुमच्यापेक्षा जास्त हवंय."

"आता 'चला माझ्याबरोबर आणि प्लेट बघा' असं म्हणणार असशील," सर म्हणाले.

"चला ना. आत्ता चला."

सर उठले नाहीत. घड्याळाकडे बघून म्हणाले, "आज नाही."

ती आठवडाभर रोज त्यांच्या दाराशी जाऊन म्हणायची, "सर, चला." आणि रोज काही ना काही निघायचं. कधी पाहुणे, कधी बैठक, कधी डोकेदुखी. शेवटी ती दारातूनच म्हणाली, "सर, मी ट्रायलच्या सुरक्षा समितीला फोन करतेय. तुम्हाला न सांगता करायचा नव्हता, म्हणून सांगतेय."

"माझ्या डोक्यावरून जाणार तू?"

"तुम्ही वाट दिलीत तर शेजारून जाईन."

"मग या प्रयोगशाळेत तुझी जागा राहील असं धरून चालू नकोस," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. उलट खालीच गेला होता. ताईला ते जास्त लागलं. पण फोन तिने त्यांच्याच दाराबाहेरच्या व्हरांड्यात उभं राहून केला. लपून करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

भावाला सांगणं त्याहून अवघड होतं.

ती सलूनमध्ये गेली तेव्हा कारागीर जेवायला गेला होता. बारक्या मधल्या खुर्चीत बसला होता, समोर आरसा. ती त्याच्या मागे उभी राहिली आणि दोघं आरशातून एकमेकांशी बोलली. तिने सगळं सांगितलं. प्रोटीन, गुठळ्या, पसरलेले तुकडे.

बारक्या ऐकत होता. "म्हणजे मी दिवसभराचे केस झाडून कोपऱ्यात लावले," तो सावकाश म्हणाला, हल्ली शब्द नीट यावेत म्हणून तो सावकाशच बोलायचा, "आणि तुमच्या औषधानं वर पंखा सोडला."

"हो. अगदी तसंच."

"आणि ह्या कुणाच्या पेशी मेल्या?"

"तुझ्या."

त्याने खुर्ची गर्रकन वळवली. वळवताना त्याचा हात टेबलाला लागला आणि बाटल्या खाली आल्या. एक फुटली, दुकानभर लोशनचा वास सुटला. "मग मरू देत! माझ्याच आहेत ना? ताई, बाबांनी वाट बघून काय झालं ते पाहिलंय मी. शेवटी घास भरवताना तो गालाला लागायचा त्यांच्या. मला एक औषध मिळतंय. एक! आणि ते काढून घ्यायला दारात कोण उभं? तर माझी सख्खी बहीण!"

"काढून घेत नाहीये. त्यानं तू लवकर जाशील म्हणून सांगतेय."

"खात्रीनं सांगतेस?"

"खात्री नाही. पुरावा आहे."

"तुझा तो पुरावा घाल चुलीत. तुझा रिपोर्ट स्वच्छ आहे, तुला थांबायला काय जातं?"

खाली फुटलेल्या काचा होत्या. ताईने वाकून मोठे तुकडे उचलले, कागदात गुंडाळले आणि डब्यात टाकले. मग म्हणाली, "हे तू कधीतरी बोलणार हे मला माहीत होतं. बोललास ते बरं झालं. पण माझं म्हणणं बदलत नाही."

"चालती हो."

ती रस्त्यावर आली तशी मागून बारक्याची बायको धावत आली. ती मागच्या खोलीत होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. बोलायला मवाळ बाई, कधी कुणाला उलटून बोललेली नाही. ताईचा दंड घट्ट पकडून ती म्हणाली, "ताई, मला ते प्रोटीन वगैरे कळत नाही. एकच सांगा. तुमच्या स्वतःच्या रक्तात हे असतं तर तुम्ही घेतलं असतंत ते औषध?"

"नाही."

"मग औषधासाठी न्यायला येणाऱ्या त्या गाडीत मी त्यांना बसू देणार नाही. आडवी पडेन चाकाखाली. त्यांना काय ओरडायचं ते ओरडू देत." आणि पदराने घाम पुसत ती परत दुकानात गेली. थोड्या वेळाने आतून ओरडाआरडा ऐकू आला. त्यात बारक्याचा आवाज होता, आणि त्याच्यावर चढलेला दुसरा आवाज मवाळ बाईचा होता.

सुरक्षा समितीची बैठक एका लांबट खोलीत झाली. मधे टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या. समितीच्या अध्यक्ष एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या, कानाला यंत्र लावलेल्या, आणि एखाद्याचं बोलणं पटलं नाही की यंत्राशी चाळा करायची त्यांना सवय होती. एका बाजूला मोठे सर, त्यांच्या शेजारी औषध कंपनीचा माणूस. ताई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एकटी.

तिने फोटो दाखवले, मोजणी दाखवली. कंपनीचा माणूस गोड बोलणारा होता. "मॅडमच्या भावना आम्ही समजू शकतो. घरात आजार आहे. पण विज्ञान भावनेवर चालत नाही. त्यांनीच कबूल केलंय की त्या प्लेट त्यांनी भावनेपोटी ठेवल्या."

"हो, भावनेपोटी ठेवल्या," ताई म्हणाली. "पण मेल्या त्या माझ्या भावनेमुळे नाही. तुम्हाला माझं मन तपासायचंय की पेशी? पेशी खालच्या मजल्यावर आहेत, जिना उतरून चला. आणि तेही नको असेल तर सोपं सांगते. पहिल्या तुकडीतल्या लोकांचं रक्त तुम्ही दर महिन्याला काढून गोठवून ठेवलंय. मेंदूतली पेशी तुटली की तिचा एक अंश रक्तात उतरतो, तो मोजता येतो. मोजा. औषधानं पेशी वाचत असतील तर आकडा उतरेल. मरत असतील तर चढेल. मी चुकले असेन तर इथेच सगळ्यांसमोर सरांची माफी मागेन आणि राजीनामा ठेवून जाईन."

"ट्रायल संपल्यावर मोजायचं ठरलंय ते," कंपनीचा माणूस म्हणाला. "मधेच नियम बदलता येत नाहीत."

"नियम माणसं वाचवायला केलेत की औषध?"

"मॅडम, आवाज..."

"आवाज आहेच माझा मोठा. माझ्या वडिलांचं कुणी ऐकलं नाही, ते हळू बोलायचे. मी तशी बोलणार नाही."

अध्यक्षबाईंनी यंत्राला हात लावला नव्हता. त्या मोठ्या सरांकडे वळल्या. "तुम्ही बघितल्यात या पेशी?"

सर टेबलाकडे बघत राहिले. "नाही."

"त्या तुमच्याच इमारतीत आहेत."

"हो."

"मग का नाही बघितल्यात?"

ताईला वाटलं, आता ते म्हणतील वेळ नव्हता. सरांनी चष्मा काढला, आणि अचानक ते तिला फार वयस्क दिसले.

"बघितल्या असत्या तर मान्य करावं लागलं असतं," ते म्हणाले. "या बाईचे हात मी ओळखतो. मीच शिकवलंय. तिनं तीनदा केलं म्हणजे ते खरंच आहे." कंपनीच्या माणसाने त्यांच्या बाहीला हात लावला, तो त्यांनी बाजूला केला. "रक्त मोजा. नुकतीच सुरू केलेली दुसरी तुकडी तोवर थांबवा. हे मी सांगतोय असं लिहून घ्या."

रक्त मोजलं. पहिल्या तुकडीतल्या बहुतेकांचा आकडा चढलेला होता, आणि महिन्यागणिक चढत गेला होता. औषध त्याच दिवशी बंद केलं. बऱ्याच जणांचा आकडा पुढे उतरला. एका बाईची जीभ मात्र या काळात जड झाली ती झालीच. ती कॉलेजात गणित शिकवायची. ताई तिला भेटायला गेली, तेव्हा ती पाटीवर लिहून म्हणाली की तुम्ही आणखी आधी बोंब मारायला हवी होती. ताई म्हणाली, "हो."

मग रुग्णांच्या घरच्यांना बोलावून हे सांगायचं ठरलं. सभागृह भरलं होतं. चाकाच्या खुर्च्या, काठ्या, एकमेकांना धरून बसलेली नवरा-बायको. सरांनी स्वतः उभं राहून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लोक चिडले. चिडणारच. एक गृहस्थ उठून म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हाला नुसतं गाजर दाखवलंत!" कुणी रडत होतं. एका बाईने ताईकडे बोट केलं. "हिनं थांबवलं! हिचं काय जातं?"

ताई उठायच्या बेतात होती, तोच मागच्या रांगेतून एक भलाथोरला माणूस बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. गेले कित्येक दिवस तो ताईशी बोलला नव्हता. फोन उचलत नव्हता. येईल असं तिला वाटलंही नव्हतं.

"मी सांगतो हिचं काय जातं," बारक्या म्हणाला. सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत. "मी हिचा भाऊ. दुसऱ्या तुकडीत माझं नाव होतं. हिला मी दुकानातनं हाकलून दिलं. नको ते बोललो. गाडी न्यायला आली तेव्हा माझी बायको दारात आडवी पडली, म्हणून आज मी धड उभा आहे. धड म्हणजे, हे असा." लोकांत थोडी हालचाल झाली, कुणीतरी हसलं. "आता माझं ऐका. औषध गेलं, मला पण राग आलाय. पण तो माझ्या बहिणीवर काढून काय मिळणार? राग आजारावर काढा. त्यांना कातडी लागते, रक्त लागतं, ते द्या. आणि पुढचं औषध आलं की विचारा, किती दिवस बघितलंत? बघून झाल्यावर प्लेट फेकली का? तोंड उघडून विचारा. मी तर विचारणारच आहे, जोवर तोंड चालतंय तोवर."

तो बसला. बसताना खुर्ची जरा सरकली, बायकोने सावरली. टाळ्या काही पडल्या नाहीत. पण ते चिडलेले गृहस्थ पुन्हा उठले आणि रागाच्याच सुरात त्यांनी विचारलं, "बरं, मग आता तुम्ही नेमकं करणार काय?"

ताई पुढे आली. गुठळी करून विष बांधून ठेवायचं हे पेशीला मुळात जमतं कसं, आणि काही पेशींना ते जास्त चांगलं का जमतं, हे आता शोधायचं, असं तिने सांगितलं. औषध कधी येईल असं कुणीतरी विचारलं. "माहीत नाही," ती म्हणाली. "आणि माहीत आहे असं जो सांगेल त्याला मी दारातच अडवेन."

प्रयोगशाळेतली तिची जागा गेली नाही. सरांनी तिला कोपऱ्यातली एक खोली दिली, पूर्वी तिथे जुनी यंत्रं पडलेली असत. पहिल्या दिवशी ते स्वतः आत आले, स्टूल ओढून मायक्रोस्कोपपाशी बसले आणि म्हणाले, "दाखव." ताईने त्या मेलेल्या पेशींची प्लेट काचेखाली ठेवली. सर पुष्कळ वेळ बघत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "औषध न दिलेली कुठे आहे?" तिने ती ठेवली. तीही त्यांनी तितकाच वेळ बघितली. मग त्यांनी कोट काढून खुंटीला टांगला, हातमोजे मागितले आणि दोघांची पहिल्या प्रयोगाच्या मांडणीवरूनच जुंपली.

बारक्या त्याच आठवड्यात बाही वर करून दारात हजर झाला. सोबत पहिल्या तुकडीतली ती गणिताची शिक्षिका होती, हातात पाटी घेऊन, आणि सभेत ताईकडे बोट करणारी बाईही. जिन्यात बसून तिघांचा वाद चालला होता की आधी नंबर कुणाचा.